चार बोटे अरुंद दार

मित्रांनो, खुर्ची म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर चार पाय येतात. मला पाय नाहीत. दोन मोठी चाके मागे आणि दोन लहान चाके पुढे, असा माझा संसार आहे. माझ्या पाठीचे रेक्झिन एकदा बदलून झाले आहे, डावा ब्रेक सैल आहे आणि वळताना मी कुरकुरते. ही कुरकुर वयाची आहे, स्वभावाची नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

माझी हकीकत सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. खुर्चीने बसू द्यावे, बोलू नये, असेच मला इतकी वर्षे वाटत आले. पण सध्या मी ज्या दाराबाहेर उभी असते, तिथे बोलण्यावाचून मला दुसरे काही करता येत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझे अंग घडवले, त्यावर चकचकीत मुलामा चढवला. मोठ्या चाकांच्या बाहेरच्या बाजूला दोन गोल कड्या बसवल्या. बसणाऱ्याने या कड्या आपल्या हातांनी फिरवायच्या, म्हणजे मी चालते. या कड्यांमुळे मी जरा रुंद दिसते, पण त्यांच्यामुळेच मी बसणाऱ्याच्या मर्जीने चालते. मला जोडणाऱ्या कारागिराने माझ्यात बसून कारखान्यात एक फेरी मारली आणि ओरडला, "सरळ चालतेय रे! आपल्या साहेबांपेक्षा बरी!" माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक.

पुढे मी एका दवाखान्यात गेले. तिथे मला सगळे मागूनच ढकलत. बसलेली माणसे मांडीवर हात ठेवून गप्प असत. माझ्या कड्यांना कोणी हातही लावत नसे. मग दवाखान्याला नव्या खुर्च्या आल्या, मी जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडले, आणि तिथून मला बाईंनी आणले.

बाई म्हणजे माझी मालकीण. जन्मभर त्यांनी पोस्टाच्या खिडकीत बसून तिकिटे विकली आणि रांगेतल्या भांडणांचा निवाडा केला. आजारपणाने त्यांचे पाय गेले, जीभ मात्र जागच्या जागी राहिली. त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका दुरुस्त करणारे. छापखान्यात त्यांना सगळे 'कानामात्रा' म्हणत. शेजारीपाजारी काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणेन.

माझ्यात पहिल्यांदा बसल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, ते दांडीवरचे हात काढा आधी. मला बघू दे."

"पडशील!"

"पडले तर उचला. आत्तापासून कशाला धरताय?"

त्यांनी कड्या धरल्या, जोर लावला, आणि आम्ही दोघी थेट पुस्तकांच्या फळीवर जाऊन आदळलो. काका धावले. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. खूप दिवसांनी त्या आपल्या आपण कुठेतरी गेल्या होत्या.

ते भाड्याचे घर होते, जुन्या पद्धतीचे. दारे ऐसपैस. सकाळी बाई मला घेऊन बाथरूममध्ये जात, मागे हात करून आतून कडी लावत, भिंतीतला दांडा धरून पलीकडच्या स्टुलावर सरकत आणि सगळे आटोपून त्याच वाटेने बाहेर येत. काकांना तिकडे फिरकायची परवानगी नव्हती. एकदा त्यांनी बाहेरून विचारले, "मदत हवी का गं?" तर आतून उत्तर आले, "दार आतून लावता येतंय, तोवर मी या घरातली बाई आहे. लावता येईना झालं की पेशंट म्हणा."

मित्रांनो, माझ्या या गोष्टीत जे काही पणाला लागले आहे ते एवढेच. आतून लावायची एक कडी.

पुढे घरमालकांना ते घर हवे झाले. काका आणि बाई नवे घर शोधू लागले. आयुष्यभराची शिल्लक एकाच घरात घालायची होती, म्हणून बाईंनी आधीच बजावले होते, "सज्जा नको, देखावा नको. तळमजला हवा आणि दारं रुंद हवीत." एका होऊ घातलेल्या इमारतीचा नकाशा त्यांना आवडला. त्यात बाथरूमचे दार तीन फुटांचे होते. बिल्डरच्या कचेरीत आम्ही तिघेही गेलो. बाईंनी नकाशावर बोट ठेवले आणि स्पष्ट विचारले, "या दारातून माझी ही खुर्ची जाईल ना?"

बिल्डर हसतमुख माणूस. त्याने माझी दांडी थोपटली. "काकू, खुर्चीचं काय घेऊन बसलात? हत्ती आणा, हत्ती जाईल."

"हत्तीला मी काय करू? खुर्ची जाऊ दे म्हणजे झालं."

सगळे हसले. मलाही बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

मग करारनामा आला. काकांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि तो अख्खा दस्त पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतला. कचेरीतली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. काकांचा चेहरा मात्र उजळला होता. निवृत्त झाल्यापासून इतका अशुद्ध मजकूर त्यांच्या हाती लागला नव्हता. 'विकासक'चा वि दीर्घ, 'मंजूर'चा जू ऱ्हस्व. पान उलटावे तिथे शिकार.

"काका, राहू द्या हो, अर्थ कळतो ना?" बिल्डर म्हणाला.

"अर्थ कळतो म्हणून काय वाट्टेल ते लिहायचं? माझ्या घराचा कागद आहे हा."

त्या करारनाम्यात एक कलम होते. तांत्रिक गरज भासल्यास भिंतींची जागा, दरवाजांची रुंदी इत्यादींत किरकोळ बदल करण्यास खरेदीदाराची हरकत नाही, असे ते कलम. छापताना 'रुंदी'चा रु दीर्घ पडला होता आणि 'इत्यादी'ची इ दीर्घ. काकांनी दोन्ही चुका दुरुस्त केल्या. आता कायद्याच्या कागदात खाडाखोड केली, की तिच्या बाजूला सही करावी लागते. काकांनी दोन्हीकडे वळणदार सही केली. बिल्डरनेही केली. त्याने ती जरा जास्तच आनंदाने केली, असे मला आता वाटते. पण मागाहून वाटण्याला काय अर्थ आहे?

इमारत उभी राहत असताना बाईंना ती पाहायची होती. दर वेळी निरोप येई, "साइटवर खुर्ची आणू नका, धोका आहे." बाई घरीच थांबत. धोका खरेच आहे, असे त्यांनाही वाटे.

चावी मिळाली त्या दिवशी जुने घर रिकामे करून झाले होते. आमचे सामान टेम्पोत होते. बाई मला घेऊन नव्या घरात शिरल्या, बाहेरच्या खोलीत एक गोल चक्कर मारली आणि "आधी ते दार" म्हणून थेट बाथरूमकडे निघाल्या. माझी पुढची लहान चाके उंबऱ्यावरून गेली. मग खटकन आवाज झाला. माझ्या दोन्ही कड्या चौकटीला एकदम लागल्या होत्या.

बाईंनी मला मागे घेतले. सरळ केले. पुन्हा पुढे नेले. खटक.

"तिरकी झाली असेल," काका म्हणाले.

"तिरकी नाही हो. मी रोज चालवते."

तिसऱ्या खेपेला चौकटीचा नवा रंग माझ्या कडीला लागला आणि बाईंच्या बोटांची सालटी निघाली. काकांनी चौकटीत एका बाजूला माझी कडी टेकवली आणि दुसऱ्या बाजूची कडी चौकटीच्या किती बाहेर राहते ते हाताने पाहिले. तेवढ्यात त्यांची चार बोटे बरोबर मावत होती. तीन फुटांचे दार दोन फुटांवर आले होते.

बिल्डरचा इंजिनिअर आला. वरच्या मजल्यांचे पाण्याचे पाइप ज्या उभ्या पोकळीतून खाली उतरतात, तिला हे लोक डक्ट म्हणतात. ती डक्ट नकाशात पलीकडे होती. पलीकडे दुकानाला जास्त जागा हवी होती, म्हणून ती इकडे सरकवली. भिंत आत आली, दार अरुंद झाले.

"किरकोळ बदल आहे हो, काका."

"किरकोळ?" बाई म्हणाल्या. "तुम्ही जाऊन या बरं आत माझ्या खुर्चीत बसून."

इंजिनिअरने बिल्डरला फोन लावला. मग बिल्डर स्वतः आला. हसू तेच होते. त्याने करारनामा उघडला आणि ते पान काकांसमोर धरले. "काका, इतर लोक न वाचता सही करतात. तुम्ही तर ही ओळ वाचलीत. नुसती वाचली नाहीत, सुधारलीत. तिच्यावर एक सोडून दोन सह्या आहेत तुमच्या."

काका त्या पानाकडे बघत राहिले. 'रुंदी'चा रु अगदी शुद्ध होता.

त्या दिवशी टेम्पोवाल्याने सामान उतरवले, कारण ते परत न्यायला आम्हाला दुसरी जागा नव्हती. खोक्यांच्या ढिगात बसून काका म्हणाले, "मी ओळ वाचलीच नाही गं. अक्षरं वाचली."

बाईंनी मला त्यांच्याजवळ नेले. "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. एक स्वतःची केलीत तर आभाळ कोसळलं का?" मग त्यांनी मला खिडकीकडे वळवले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. खिडकीसमोर कंपाउंडची भिंत होती. बघण्यासारखे तिथे काहीच नव्हते.

काका एका वकीलबाईंकडे गेले. तरुण, चटपटीत बाई. त्या घरी आल्या, दार पाहिले, नकाशा पाहिला, करारनामा पाहिला आणि म्हणाल्या, "काकू, हे असं सरसकट कलम म्हणजे संमती नव्हे. नकाशात बदल करायचा तर कुठला बदल, कशासाठी, हे तुम्हाला आधी दाखवायला हवं आणि त्याच बदलाला तुमची वेगळी लेखी संमती घ्यायला हवी. ती त्यांनी घेतलेली नाही. काकांनी सही केलीय ती शुद्धलेखनावर. हक्क तुमचाच आहे."

काका खुर्चीवरून अर्धे उठले. "मग उद्याच गवंडी आणू? भिंत फोडून टाकू?"

"अजिबात नाही! भिंतीला बोटसुद्धा लावू नका. तीच तर तुमचा पुरावा आहे. तक्रारीनंतर सरकारी अधिकारी येऊन मोजेपर्यंत दार आहे तसंच राहायला हवं. शिवाय त्या भिंतीत वरच्या सगळ्यांचे पाइप आहेत."

बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे हक्क माझा आणि दार त्यांचं."

वकीलबाईंनी तक्रार मात्र चोख लिहिली आणि बिल्डरला नोटीस धाडली.

मग वाट पाहणे सुरू झाले. मित्रांनो, वाट पाहणे हे माझ्या ओळखीचे काम आहे, पण बाईंच्या नाही. रोज सकाळी त्या मला दारापर्यंत आणत आणि ब्रेक लावत. काका आत एक स्टूल ठेवत, मग बाईंच्या काखेत हात घालून त्यांना उचलत. काका काही पैलवान नव्हते. लाल पेन्सिलीपेक्षा जड त्यांनी फारसे काही उचललेले नव्हते. त्यांचा श्वास फुले, बाई चौकट घट्ट धरत, आणि दोघेही माझ्याकडे बघणे टाळत.

काकांना जवळच थांबावे लागे, म्हणून दार उघडे राहू लागले. ते पाठ फिरवून उभे राहत, आणि आतल्या बाईंना संकोच वाटू नये म्हणून मोठमोठ्याने पाढे म्हणत.

"सत्तावीस पाचे एकशे पंचवीस... सत्तावीस सक एकशे बावन्न..."

"एकशे बासष्ट!" आतून आवाज येई. "आणि पाचे एकशे पस्तीस. पंचवीस नाही. शाळेत कुणी घातलं होतं तुम्हाला?"

बाहेरून ऐकणाऱ्याला वाटले असते, किती मजेत चालले आहे या म्हाताऱ्यांचे! मी मात्र बाईंचे हात पाहत होते. बाहेर आल्यावर त्या माझ्या कड्या धरत, पण फिरवत नसत.

यथावकाश अधिकारी आले. त्यांनी टेप लावून दार मोजले, नकाशा ताडून पाहिला आणि बदल झाला असल्याचे लिहून घेतले. पुढे निकालही आला. दार मंजूर नकाशाप्रमाणे करून द्यावे, असा. काकांनी निकाल बाईंना वाचून दाखवला, मग पुन्हा वाचून दाखवला. त्या दिवशी बाईंनी माझ्या चाकांना तेल घातले. मी चकाकले. आम्ही दोघी गवंड्यांची वाट पाहू लागलो.

गवंडी आले नाहीत. आले ते वरच्या मजल्यावरचे चष्मेवाले शेजारी. माणूस वाईट नव्हता.

"काकू, तुमची बाजू बरोबर आहे, मी नाही कशाला म्हणू? पण डक्ट हलवायची तर महिनाभर सगळ्या इमारतीचं पाणी बंद. माझ्याकडे तान्हं बाळ आहे. एका दारासाठी..."

"एका दारासाठी," बाई म्हणाल्या. पोस्टाच्या खिडकीत अख्ख्या रांगेला गप्प करणाऱ्या बाई त्या एका माणसापुढे गप्प बसल्या. तान्ह्या बाळाशी कसे भांडायचे?

शेजाऱ्यांनी सह्या करून हरकत घेतली. बिल्डरने ती हरकत पुढे करून वरच्या कचेरीत दाद मागितली. आता पुन्हा तारीख. त्याच सुमारास बाईंना उचलताना काकांच्या कमरेत उसण भरली. दोघेही चौकटीतच अडकून राहिले. ना आत, ना बाहेर. काका कण्हत होते आणि बाई म्हणत होत्या, "सोडा मला. खाली ठेवा. फरशीवर ठेवा हो, काही होत नाही." मी दोन हात अंतरावर उभी होते. माझा ब्रेक लावलेला होता. नसता, तरी मी काय केले असते?

ही बातमी बिल्डरपर्यंत गेली असावी. चार दिवसांनी त्याच्याकडून एक नवी कोरी खुर्ची आली. सडपातळ, हलकी, आणि तिची चारही चाके लहान. कड्या नाहीतच. तिच्यात बसणाऱ्याने हात मांडीवर ठेवायचे आणि मागून कोणीतरी ढकलायचे. ती त्या दारातून सहज गेली.

"बघा, प्रश्न मिटला!" बिल्डर फोनवर म्हणाला. "दार बदलण्यापेक्षा खुर्ची बदलणं सोपं."

"हे तुम्हाला सोपं," बाई म्हणाल्या आणि फोन काकांकडे दिला.

त्या खुर्ची परत पाठवायला निघाल्या होत्या. वकीलबाईंनीही सांगितले, की ठेवायची असेल तर तक्रार सोडलेली नाही असे लेखी कळवूनच ठेवा. बाईंनी पट्टा बांधलेल्या कमरेने भिंत धरून चालणाऱ्या काकांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "लिहा पत्र. ठेवून घेऊ."

नव्या खुर्चीचा मी राग करत नाही. तिला तसेच घडवले आहे. पण आता दिवसाकाठी बाई माझ्यात कमीच बसतात. मला सोडून तिच्यात जायचे, पुन्हा तिच्यातून माझ्यात यायचे, त्यात त्या थकतात. मग म्हणतात, "असू द्या, हिच्यातच बरी आहे." मी बाथरूमबाहेर भिंतीला टेकून असते. माझ्यावर टॉवेल वाळत घालतात.

सकाळी काका त्यांना त्या खुर्चीतून आत ढकलतात आणि दार ओढून घेतात. हो, दार आता बंद होते. बाहेरून. बाईंना आत चाके फिरवता येत नाहीत, म्हणून कडीपर्यंत हात पोचत नाही. झाले, की त्या हाक मारतात. पूर्वी ज्या बाईंनी कधी हाक मारली नव्हती, त्या आता "अहो" म्हणतात आणि थांबतात. काकांना कमरेमुळे यायला वेळ लागतो. कधी ते दाराशी औषधवाल्याशी बोलत असतात. पाढे बंद झाले आहेत.

मित्रांनो, मी खुर्ची आहे. तुम्हाला शहाणपण शिकवण्याचा माझा अधिकार नाही. पण एक विनंती करते. तुमच्या घरी कधी नव्या घराचा नकाशा येईल, तेव्हा मोठ्यांच्या शेजारी बसा आणि तो बघा. त्यात काही बदललेले दिसले, तर सही होण्यापूर्वी विचारा. चावी हाती घेण्यापूर्वी घरात फिरून बघा, दारे मोजा. कोणी "किरकोळ आहे" म्हणाले, तर "कोणासाठी?" असे विचारायला लाजू नका. बदल तुम्हाला न विचारता झाला असेल, तर तक्रार करा. तो तुमचा हक्कच आहे. हक्क पदरात पडायला फार उशीर लागतो, हे मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल, तर खालच्या दाराकडेही एकदा बघा.

काका मघाशी पुढच्या तारखेची चौकशी करायला म्हणून फोन घेऊन बाहेर गेले, ते अजून आलेले नाहीत. आतून बाईंची हाक आली. मग दुसरी आली. आता काही वेळ शांतता आहे.

"कोण आहे का बाहेर?" बाई विचारत आहेत.

मी आहे, बाई. दारालाच टेकून आहे.